डोंगरातली कौशल्यं मुलांना शिकवताना पाठाची आखणी कशी करावी?

कातळवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की सहा आठवडे आठवी-नववीच्या वीस मुलामुलींना डोंगरात स्वतःच्या भरवशावर वावरायला शिकवायचं, असं आम्ही चार स्वयंसेवकांनी ठरवलंय. पाच रविवार सकाळी पुण्यातच वेताळ टेकडीवर आणि सहाव्या शनिवार-रविवारी लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्यावर मुक्काम. मुलं सगळी शहरातली. काहीजण घरच्यांबरोबर सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन आलेत, बाकीच्यांना टेकडीसुद्धा नवी आहे.

पहिल्या मसुद्यात नकाशा, होकायंत्र, गाठी, प्रथमोपचार, साप, हवामान, तंबू, स्वयंपाक, सॅक भरणं असं सगळंच होतं. दर रविवारी दोन-तीन विषय कोंबलेले. तो बाजूला ठेवला आणि प्रत्येक सकाळीसाठी एकच वाक्य लिहायला घेतलं: "आज घरी जाताना प्रत्येक मुलाला अमुक काम कुणालाही न विचारता, स्वतःच्या हातांनी करता येईल." त्या 'अमुक'च्या जागी 'नकाशाची ओळख' असं काही आलं की खोडायचं, कारण ओळख झाली की नाही हे तपासणार कसं? 'नकाशा जमिनीवर पसरून उत्तरेला जुळवणं' हे चालतं. ते दिसतं.

या चाळणीतून जे उरलं ते असं. पहिल्या रविवारी दिशा आणि पावलं मोजून अंतर. दुसऱ्या रविवारी कंटूर रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. तिसऱ्या रविवारी होकायंत्र वापरून नकाशावर आपली जागा शोधणं. चौथ्या रविवारी वाट वाचणं आणि वेळेचा अंदाज. पाचव्या रविवारी अपघात झाल्यावरचा पहिला अर्धा तास. गाठी पूर्ण काढून टाकल्या आहेत. क्रम बरोबर वाटतो का? आणि शेवटी मुलांना आलंय की नाही हे राजमाचीला कसं तपासाल?

नेटनाही

सुरेख धागा. वाचतोय. एका शिबिरात (नाव घेत नाही) माझ्या पुतण्याला भर उन्हात तासभर होकायंत्रावर भाषण ऐकवलं आणि यंत्र हातात दिलं ते परत जाताना, तेही फोटो काढण्यापुरतं. तुमचं ते एक वाक्य प्रत्येक आयोजकाने लिहून काढायला हवं.

घाटमाथा

ताई, क्रम चांगला आहे. पण खरी कसोटी दुसऱ्या रविवारी आहे. कंटूर हीच ती जागा जिथे निम्मी मुलं सुटतात आणि मग पुढचे सगळे पाठ नुसती मान डोलावत काढतात. फळ्यावर काढलेल्या वेड्यावाकड्या वर्तुळांवरून कुणालाच डोंगर दिसत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची वेळ नेमकी दिवाळीनंतरची आहे, याचा फायदा घ्या. सोसायट्यांच्या आवारात मुलांनी केलेले मातीचे किल्ले अजून उभे असतात. त्यातला एक मागून घ्या, शक्यतो ज्याला चांगली सोंड (खाली उतरत जाणारी धार) आणि एखादी घळ (दोन धारांमधली खोलगट जागा) आहे असा. मावळे, तोफा बाजूला काढून ठेवायच्या. अळीव उगवले असतील तर तसेच राहू देत, जंगल म्हणून उपयोगी पडतात.

आता एकसारख्या जाडीच्या विटा घ्या. किल्ल्याशेजारी एक वीट आडवी ठेवायची, तिच्यावर लांब पेन्सिल आडवी धरायची, टोक मातीला टेकवायचं आणि वीट सरकवत सरकवत किल्ल्याभोवती पूर्ण फेरी मारायची. मातीवर एक ओरखडा उमटतो. तो सगळीकडे एकाच उंचीवर असतो. मग विटेवर दुसरी वीट, परत फेरी. तिसरी वीट, परत फेरी. किल्ला मोठा असेल तर विटेऐवजी जाड वह्यांचा गठ्ठा घ्या, रेषा जवळजवळ येतील. माची लागली की पेन्सिल पुढे पुढे जात राहते आणि ओरखडा लांबच लांब पसरतो. कडा लागला की दोन ओरखडे जवळजवळ चिकटतात. इथे एक शब्दही बोलू नका. मुलं आपणहून सांगतात.

ओरखड्यांत रांगोळी भरा. मग एकेकाला स्टुलावर उभं करून बरोबर वरून खाली बघायला लावा आणि जे दिसतं ते कागदावर काढून घ्या. झाला नकाशा. त्यानंतरच भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाचं शीट उघडा. १:५०,००० च्या शीटवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि दोन कंटूरमध्ये वीस मीटरची उंची, एवढे दोन आकडे सांगितले की पुरे. मग प्रश्न टाका: यात सोंड कुठे, घळ कुठे? रेषांची टोकं उताराकडे निघाली असतील तर सोंड, चढाकडे घुसली असतील तर घळ. हा नियम मी आधी कधीच सांगत नाही. मुलांनी किल्ल्यावर बोट फिरवून तो शोधला तर वर्षानंतरही विसरत नाहीत.

यात दोन तास जातात. जाऊ देत. त्या दिवशी दुसरं काही घेऊ नका.

प्राजक्त

घाटमाथा काका, विटेची युक्ती अप्रतिम! उद्याच आमच्या गल्लीतल्या पोरांना दाखवते.

डोंगरकाठ

कंटूरबद्दल पूर्ण सहमत. तिसऱ्या रविवारबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी.

वेताळ टेकडीच्या माथ्यावरून आग्नेयेला पर्वती आणि दक्षिणेला जरा पश्चिमेकडे कललेला सिंहगड, त्याच्यावरच्या मनोऱ्यांमुळे, हवा स्वच्छ असेल तर सहज ओळखू येतात. दोन्हींमध्ये साधारण साठ अंशांचा कोन पडतो. होकायंत्राने प्रत्येक खुणेची दिशा घेऊन नकाशावर त्या खुणेतून रेष ओढायची, दोन रेषा छेदतात तिथे आपण. त्यासाठी दोन खुणांमध्ये असाच मोकळा कोन हवा. वीस अंशांवरच्या दोन खुणा घेतल्या तर रेषा इतक्या तिरक्या छेदतात की हाताच्या थोड्याशा चुकीने जागा कुठच्या कुठे सरकते. पण आधी घरी एक काम करून ठेवा. जुन्या क्रमांकांची शीटं १८ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशावर बदलतात आणि ती रेषा पुण्यातूनच जाते. टेकडी एका शीटवर येते, सिंहगड खालच्या. दोन्ही शीटं कडेला कडा जुळवून चिकटवलेली हवीत, नाहीतर मुलं कागदाबाहेर रेष काढायला बघतात आणि अर्धा तास गोंधळात जातो.

दुसरं, मोबाईल. खिशात मोबाईल आणि हातात होकायंत्र असेल तर सुई बहकते. कव्हरला लोहचुंबक असलं तर जास्तच. सगळे फोन एका पिशवीत गोळा करून दहा पावलं लांब ठेवायला लावा. पण त्याआधी एकदा फोन मुद्दाम होकायंत्राजवळ नेऊन सुई कशी वळते ते बघू द्या. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक या वयाला शिकवूच नका. महाराष्ट्रात तो इतका थोडा आहे की मुलांच्या हातून होणाऱ्या चुका त्याहून कितीतरी मोठ्या असतात.

नेटनाही

पण आता फोनवर आपण कुठे आहोत ते निळ्या ठिपक्याने दिसतंच. कागदी नकाशावर एवढे रविवार घालवणं योग्य आहे का? मनापासून विचारतोय, कारण पालक हे विचारणारच.

कातळवाट

विचारलंच आहे दोघांनी. माझं उत्तर असं आहे. ठिपका तुम्ही कुठे आहात ते सांगतो. पुढची नाळ (कड्यातली चिंचोळी घळ) उतरण्यासारखी आहे की तिथे कडा आहे, हे सांगायला कंटूरच वाचता यावे लागतात, मग ते कागदावर असोत की पडद्यावर. जो कागदावर डोंगर बघायला शिकला त्याला अ‍ॅप दहा मिनिटांत येतं, उलटं होत नाही. म्हणून फोन शिकवणार आहोत, पण चौथ्या रविवारी: नकाशा आधी उतरवून ठेवणं, बॅटरी वाचवणं आणि आपलं ठिकाण अक्षांश-रेखांशात ११२ या आपत्कालीन क्रमांकाला सांगता येणं.

वाडीतला

नमस्कार ताई. मी राजमाचीच्या बाजूचा. चौथ्या रविवारी वाट वाचणं घेताय ते टेकडीवर जमणार नाही असं वाटतं. टेकडीवर वाटाच वाटा, माणसांचा राबता एवढा की कुठूनही गेलं तरी खाली रस्त्यालाच लागतो. इकडं पोरं फसतात ती ढोरवाटेला. ढोरवाट सुरुवातीला खऱ्या वाटेपेक्षा रुंद आणि मळलेली दिसते. मग ती पाण्याला नाहीतर चरायला एका अंगाने जाते, फाटे फुटतात आणि कारवीच्या झुडपांत नाहीशी होते. माणसाची वाट खिंडीकडं, वाडीकडं, देवळाकडं जाते, तिला जायचं ठिकाण असतं. ढोरवाटेवर फांद्या कमरेएवढ्या उंचीवर आडव्या येतात, कारण गुरं खालून जातात. माणसाच्या वाटेवर डोक्याएवढ्या उंचीपर्यंत फांद्या मोडलेल्या, कोयत्याने छाटलेल्या दिसतात. कातळावर वाट हरवली तर दगड गुळगुळीत झालाय का बघायचं, पायाने घासून पांढुरका होतो.

हे शनिवारी इकडं आल्यावर दुपारी शिकवा. राजमाचीवरच्या उढेवाडीतून तळ्याकाठच्या शिवमंदिराकडं जाताना दोन्ही प्रकारच्या वाटा बघायला मिळतील. वाडीतलं कुणीतरी बरोबर घ्या. गुराखी पोरगं असलं तर उत्तम. तुमच्या मुलांना त्यांच्याच वयाच्या पोराकडून शिकायला आवडेल.

कातळवाट

दादा, हे फार मोलाचं आहे. वाट वाचणं राजमाचीला हलवते. आणि हो, वाडीतल्या मुलाला शिकवण्याचे रीतसर पैसे देऊ, स्वयंसेवकाला प्रवासखर्च देतो तसे.

घाटमाथा

मग चौथ्या रविवारी वेळेचा अंदाज पूर्ण घ्या, त्याला टेकडी पुरते. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा मांडला, तो अजून चालतो: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तो तयारीच्या माणसाचा आहे. शाळकरी मुलांच्या गटासाठी मी तासाला तीन किलोमीटर आणि दर ३०० मीटर चढाला एक तास धरतो. चार किलोमीटर चाल आणि ६०० मीटर चढ असेल तर नेस्मिथच्या हिशोबाने पावणेदोन तास, माझ्या हिशोबाने तीन तास वीस मिनिटं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा हा फरक म्हणजे अंधारात उतरणं की उजेडात, एवढा मोठा आहे.

पाठ असा करा: प्रत्येक गटाने पायथ्याशी नकाशावरून अंदाज लिहून कागद बंद पाकिटात द्यायचा, चालून यायचं आणि वर पोचल्यावर पाकीट उघडायचं. पुढच्या वेळी त्यांचा अंदाज आपोआप सुधारतो. आपण शिकवायचं काहीच उरत नाही.

रानजाई

गाठी काढून टाकल्या याचं वाईट वाटलं. आमच्या गाइडच्या वर्गात गाठींमुळेच मी टिकले. मुलांच्या हाताला काम मिळतं, लगेच जमल्याचं समाधान मिळतं.

घाटमाथा

रानजाई, गाठींना माझाही विरोध नाही. कामाशिवाय शिकवलेल्या गाठींना आहे. बारा गाठींचा तक्ता पाठ करून घेतला आणि कुठलीच गाठ कशाला लावली नाही, तर आठवड्यात पुसली जाते. राजमाचीला ताडपत्रीचा आडोसा बांधायचा असेल तर दोनच शिकवा: झाडाभोवती न आवळणारी पक्की अढी म्हणून बोलाईन आणि खांबाला दोर अडकवायला क्लोव्ह हिच. ताडपत्री बांधून झाली की तिच्यावर बादलीभर पाणी ओता. जिथे झोळ पडून पाणी साचलं तिथली गाठ परत बांधायची. आणि रीफ नॉट दाखवलीत तर पट्टी बांधायला, पुडकं बांधायला म्हणूनच दाखवा. माणसाचं वजन घेणारे दोन दोर तिने कधीही जोडायचे नाहीत, हे तेवढं निक्षून सांगा.

कातळवाट

ठरलं. ताडपत्री, दोन गाठी, शनिवारी संध्याकाळी. रानजाई, तुम्ही याल का शिकवायला?

रानजाई

येणार! आणि एक विचारते, इथे बहुतेकदा कुणी लिहीत नाही म्हणून. मुलींच्या पाळीची आणि शौचाची व्यवस्था आखणीत आहे का? तेरा-चौदा वर्षांच्या मुली या एका काळजीपायी दिवसभर पाणी पीत नाहीत. मग डोकं दुखतं, चक्कर येते आणि आपल्याला वाटतं की मुलगी चालायला कच्ची आहे. पहिल्याच रविवारी मुलामुलींना एकत्र बसवून स्पष्ट सांगा: शौचाला पाण्यापासून आणि वाटेपासून निदान साठ-सत्तर पावलं लांब जायचं, वीतभर खड्डा खणायचा, माती लोटायची, वापरलेले पॅड आणि कागद डबल पिशवीत घालून परत आणायचे. पिशव्या, साबण, एक छोटं खुरपं असा संच प्रत्येक गटाच्या सॅकमध्ये ठेवायचा. मागावा लागता कामा नये. हेही डोंगरातलं कौशल्यच आहे आणि बाकी सगळं यावर अवलंबून आहे.

प्राजक्त

शंभर टक्के. मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, पाचव्या रविवारबद्दल लिहिते.

प्रथमोपचार हा भाषणाचा विषय नाही. चार-पाच मुलांच्या गटातलं एक मूल 'जखमी' व्हायचं, बाकीच्यांनी अर्धा तास निभावून न्यायचं. कशाने जखमी ते चिठ्ठीवर लिहून फक्त त्या मुलाला द्या. तुम्ही बाजूला उभं राहून वेळ नोंदवा आणि मध्ये बोलू नका. संपल्यावर जखमीला पहिल्यांदा बोलू द्या: "तुला काय हवं होतं, कुणी काय विचारलं नाही?" मुलं बँडेज उत्तम बांधतात आणि पेशंटला उन्हात ठेवतात, हे त्याच्याच तोंडून ऐकलं की लक्षात राहतं.

प्रसंग तीनच घ्या. मुरगळलेला घोटा, कारण तो सगळ्यात जास्त होतो. ऊन लागणं. आणि साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्याकडे आहेत, फुरसं तर कातळावर, दगडांखाली असतं. सापाच्या प्रसंगात काय करायचं नाही, हेच जास्त महत्त्वाचं. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, साप मारायला किंवा पकडायला धावायचं नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढायचं, तो भाग हलणार नाही असा आधार द्यायचा, चावल्याची वेळ लिहून ठेवायची आणि पेशंटला न चालवता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन. उशिरा आलेले पेशंट मी बघितले आहेत, म्हणून कळकळीने लिहितेय.

तुमच्यासाठी गृहपाठ: राजमाचीहून सर्वांत जवळचं प्रतिविष असलेलं रुग्णालय कोणतं, ते आधी फोन करून खात्री करा आणि गटाच्या कागदावर लिहा. नुसतं 'जवळचा दवाखाना' असं लिहू नका.

डोंगरकाठ

यात आग्या मोहोळाची भर घालतो. गडांवरच्या कड्यांना पोळी असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून त्या जागेपासून लांब पळायचं. हेही करून बघा, नुसतं सांगू नका. मात्र कड्याच्या दिशेने पळायचं नाही, हे मुलांना तालीम करतानाच कळतं.

निशिगंधा_लीड्स

नमस्कार. इंग्लंडहून लिहितेय. माझ्या मुलीने इथे ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्काराचा ब्राँझ टप्पा केला. १९५६ पासून चालू असलेली तरुण मुलामुलींसाठीची योजना आहे. तपासणी कशी करायची या तुमच्या प्रश्नाला त्यात मला चांगलं उत्तर दिसलं. दोन दिवस, एक रात्र, चार ते सात मुलांचा गट. मार्गाचा तक्ता मुलांनीच आधी बनवायचा: कुठून कुठे, किती अंतर, किती चढ, किती वाजता पोचणार, अडचण आली तर कुठल्या वाटेने बाहेर पडणार. मग मोठी माणसं गटाबरोबर चालत नाहीत, ठरलेल्या ठिकाणी भेटतात. मुलीचा गट चुकला, भिजला, आपसात भांडला आणि पोचला. त्या दोन दिवसांत ती जे शिकली ते आम्ही बरोबर असतो तर शिकली नसती. अर्थात त्याआधी सराव झालेला असतो आणि तयारी झाल्याशिवाय सोडत नाहीत.

वाडीतला

पूर्ण सोडून देऊ नका ताई, इकडं कडे आहेत. पण मागं राहून चाललं तर होईल.

कातळवाट

दोघांचं जुळवून असं करतेय. वीस मुलांचे पाच-पाचाचे चार गट, प्रत्येकामागे एक स्वयंसेवक, पन्नास पावलं अंतर ठेवून. रविवारी सकाळी उढेवाडीतून भैरवनाथाच्या देवळाच्या खिंडीत, तिथून श्रीवर्धन (राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांपैकी एक), परत खिंडीत आणि मग तळ्यावरून वाडीत. दुसऱ्या बालेकिल्ल्यावर, मनरंजनला, जायचं की नाही ते गटाने वेळ बघून ठरवायचं. मार्गाचा तक्ता चौथ्या रविवारी मुलं बनवतील. रात्री ध्रुवतारा बघण्याचं ठेवलंय. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षा थोडा कमी, म्हणजे उत्तरेला डोंगर आडवा आला तर दिसतच नाही. त्या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी वर नसतात, म्हणून शर्मिष्ठा या तारकासमूहावरून शोधायला शिकवेन.

एक प्रश्न मात्र सुटत नाही. गट चुकीच्या फाट्याला लागला तर मागच्या स्वयंसेवकाने काय करायचं? लगेच हाक मारली तर मुलं पुढे प्रत्येक फाट्यावर मागे वळून आपल्या तोंडाकडे बघणार.

घाटमाथा

प्रत्येक फाट्यासाठी आधीच एक हद्द ठरवा आणि ती फक्त स्वयंसेवकांना सांगा. हद्दीच्या आत काहीही चुकलं तरी गप्प बसायचं. गट थांबला तर एकच प्रश्न विचारायचा: "आत्ता आपण नकाशावर कुठे आहोत, बोट ठेवा." फाटा बरोबर असला तरी अधूनमधून हाच प्रश्न विचारत राहा, म्हणजे तो विचारला की आपण चुकलो, असा अर्थ मुलं लावणार नाहीत. हद्द आली की मात्र स्पष्ट "थांबा" म्हणायचं, तिथे शिकवणं नाही, चर्चा नाही.

वाडीतला

हद्द मी सांगतो. तळ्याच्या बाजूला कितीही फिरू देत, फार तर कारवीत ओरखडे निघतील. कोंढाणे लेण्यांकडं उतरणारी वाट लागली आणि उतार सुरू झाला की तिथंच थांबवा, एक पाऊल पुढं नको. श्रीवर्धनवर तटाच्या कडेला मुलं जातात, तिथं एक माणूस आधीच उभा ठेवा. तारीख नक्की झाली की कळवा. महिना आधी येऊन एकदा वाटा बघून जा, पावसानंतर गवत वाढलेलं असतं, काही फाटे दिसत नाहीत. जेवणाचं वाडीत सांगून ठेवतो, पंचवीस पानं धरू ना?

कातळवाट

सव्वीस धरा दादा, रानजाई येतायत आणि तुमच्याकडचा गुराखी मुलगाही आमच्याबरोबरच जेवेल. वाटा बघायला पुढच्या शनिवारी आम्ही चौघं येतो.